मानेतली वीज

कालनिर्णयवरच्या लाल फुल्या

बोरिवली पश्चिमेला गोराईच्या म्हाडा वसाहतीतल्या एका घरात माळ्यावर गेल्या अनेक वर्षांची 'कालनिर्णय' गुंडाळून, रबर लावून ठेवलेली आहेत. घरच्या बाईंनी ती माझ्यासमोर जमिनीवर पसरली. निळ्या शाईत दुधाचा हिशेब, पेन्सिलीने सिलिंडर लावल्याची तारीख आणि त्या सगळ्यावर लाल पेनाच्या फुल्या. एक फुली म्हणजे एक फिट. मोठी असेल तर फुलीभोवती गोल, पडून लागलं असेल तर गोलाखाली रेघ. काही महिने असे आहेत की चौकोनातली तिथी, वार, सणाचं नाव, काहीच वाचता येत नाही.

त्यांची मुलगी आता सोळा वर्षांची आहे. पहिली फिट चौथ्या वर्षी तापात आली. तापातली आहे, वय वाढलं की जाईल, असं सगळ्यांनी सांगितलं. बहुतेक मुलांचं जातंही. हिचं गेलं नाही. सातव्या वर्षापासून ती झोपेत ताठ होऊ लागली, मग चालता चालता कोसळू लागली. हनुवटीवर तीनदा टाके पडले. मग आई तिला शाळेत सायकलचं हेल्मेट घालून पाठवू लागली, आणि शाळेने एक दिवस सांगितलं की बाकीची मुलं घाबरतात, घरीच ठेवा.

तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या कॉलरबोनखाली, कातडीच्या आत, एक यंत्र बसवलं. त्यातून निघालेली तार मानेतल्या एका नसेला गुंडाळलेली आहे. यंत्र दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट त्या नसेत वीज सोडतं. त्यानंतरच्या कालनिर्णयवरही फुल्या आहेत. कमी आहेत, पण आहेत. गोल मात्र अगदी थोडे.

"बंद नाही झाल्या," आई म्हणाल्या. "पण आता ती पडत नाही. येते, बसल्या जागी येते, आणि पाच मिनिटांत मला 'आई' म्हणते. पूर्वी दोन-दोन तास ओळखायची नाही."

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'वीज' असा कळवला, तेव्हा कोयना, तारापूर, अदानीचं बिल असं बरंच काही डोळ्यांसमोर आलं. पण मला पाहायची होती ती ही वीज: मिलिअँपिअरमध्ये मोजली जाणारी, माणसाच्या मानेत सोडलेली. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर ती काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घ्यायला मी उपनगरांतल्या घरांत, दवाखान्यांत आणि बाहेरच्या बाकांवर बसले. यंत्रापेक्षा जास्त मला त्याच्या आधीचा रस्ता दिसला. त्या रस्त्यावर माणसं किती वर्षं अडकून पडतात, ते दिसलं.

दुसऱ्या औषधानंतर

मेंदूतल्या पेशींचा एकमेकींशी चालणारा सगळा व्यवहार विजेच्या अतिशय क्षीण स्पंदनांवर चालतो. त्या स्पंदनांचा ताळमेळ बिघडून पेशींचा एखादा गट एकदम, एकाच ठेक्यात उसळला की फिट येते. गट हाताचा असेल तर हात झटके देतो, स्मृतीच्या भागातला असेल तर माणूस शून्यात बघत ओठ चावतो, आणि उसळी सगळ्या मेंदूभर पसरली तर शरीर ताठ होऊन आचके देतं. जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. भारतात ही संख्या 1 कोटीच्या वर धरली जाते. कारणं अनेक: जन्माच्या वेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, डोक्याला मार, मेंदूज्वर, आनुवंशिक दोष, आणि आपल्याकडे मोठ्या प्रमाणात आढळणारी, अस्वच्छ अन्न-पाण्यातून पोटात गेलेल्या फीतकृमीच्या अंड्यांची मेंदूत झालेली गाठ.

यातल्या बहुतेकांचं औषधाने भागतं, हे आधी ठासून सांगायला हवं, कारण फिटचं नाव काढलं की घरात अंधार पसरतो. ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी या डॉक्टरांनी आधी कधीच उपचार न घेतलेल्या 470 रुग्णांचा मागोवा घेऊन 2000 साली निष्कर्ष मांडले. पहिल्याच औषधाने 47 टक्क्यांच्या फिट थांबल्या. दुसऱ्या औषधाने आणखी 13 टक्क्यांच्या. तिसऱ्याने जेमतेम 1 टक्का. म्हणजे योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधं हरली की पुढच्या औषधाने फिट पूर्ण थांबण्याची आशा एकदम खाली येते. त्याच आधारावर अपस्माराच्या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने 2010 मध्ये व्याख्या केली: अशी दोन औषधं निष्फळ ठरली तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा आणि त्या रुग्णाला विशेष केंद्राकडे पाठवावं.

व्याख्या वाचून मी गोराईच्या फाइली उघडल्या. प्लास्टिकच्या दोन पिशव्या भरून कागद. एप्टॉइन, मग टेग्रिटॉल, मग एन्कोरेट, मग लेव्हिपिल, मग सोबत फ्रिजियम. प्रत्येक नावासोबत एक डॉक्टर, आणि मधल्या कोऱ्या महिन्यांत विरारजवळचा एक बाबा, एक नाडीवैद्य, एक झाडपाल्याची पुडी. पाचव्या औषधापर्यंत कोणीही 'हिला विशेष केंद्रात दाखवा' असं लिहिलेलं नाही. दुसरं औषध हरल्यापासून पहिला व्हिडिओ ईईजी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर घेतलेला मेंदूच्या लहरींचा आलेख, होईपर्यंत पाच वर्षं गेली. वाढत्या वयातली पाच वर्षं. या काळात मुलगी तिसरीतून पुढे सरकलीच नाही. फिटमुळे किती आणि सुस्त करणाऱ्या गोळ्यांमुळे किती, हे आता कोणी सांगू शकत नाही.

या घरांत आणखी एक गोष्ट मला सगळीकडे भेटली. फिट आली की शेजारपाजारचे धावतात ते चप्पल हुंगवायला, कांदा फोडून नाकाशी धरायला, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायला. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, त्यामुळे चपलेला यश मिळतं. करायचं ते एवढंच आहे: माणसाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टणक आणि धारदार बाजूला करायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट इस्पितळ. बोरिवली लोकलच्या महिलांच्या डब्यात हे माहीत असलेली एक बाई निघाली तरी पुरे.

तारा लावलेले दिवस

अंधेरीच्या एका खाजगी रुग्णालयात व्हिडिओ ईईजीची खोली पाहिली. पलंग, समोरच्या भिंतीवर कॅमेरा, आणि पलंगावर डोक्याला वीस-बावीस तारा चिकटवून वर पांढरी पट्टी बांधलेला एक बारा वर्षांचा मुलगा, मोबाइलवर क्रिकेट बघत बसलेला. शेजारी त्याची आजी, हातात घंटीचं बटण. त्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत मुद्दाम कमी केल्या होत्या. इथे फिट येण्याचीच वाट बघायची असते. एरवी ती येऊ नये म्हणून नवस करणारी आजी दोन दिवस ती येण्याची वाट बघत होती, आणि येईना म्हणून रडकुंडीला आली होती.

ही वाट कशासाठी, ते समजून घेण्यासारखं आहे. फिट नेमकी कुठून उठते हे कळलं, त्या जागी एमआरआयमध्ये व्रण किंवा जन्मजात विकृती दिसली, आणि ती जागा वाणीच्या, हालचालीच्या, स्मृतीच्या केंद्रांना धक्का न लावता काढता येण्यासारखी असली, तर शस्त्रक्रिया हा खरा उपाय असतो. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांनी भागत नसलेल्या 116 मुलांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी 77 टक्के वर्षानंतर फिटमुक्त होती. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने 1995 पासून हे काम भारतात रुजवलं. मुंबईत परळच्या केईएममध्ये डॉ. संगीता रावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालिकेच्या रुग्णालयात अपस्माराच्या शस्त्रक्रियेची सोय उभी केली. उपनगरात चार बंगल्याचं कोकिलाबेन धीरुभाई अंबानी रुग्णालय 2009 साली सुरू झालं, आणि ज्यांना परवडतं त्यांचा परळपर्यंतचा फेरा वाचला. लहान मुलांसाठी कीटोजेनिक आहार हाही एक मार्ग असतो. स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्ट पदार्थ जवळजवळ नाहीत, असा हा कडक आहार. पोळी-भाताच्या घरात तो कसा बसवायचा याचा ध्यास दादरच्या शुश्रूषा रुग्णालयातल्या डॉ. जनक नाथन यांनी घेतला.

मानेतल्या विजेचा क्रमांक या सगळ्यानंतर येतो. फिट दोन्ही बाजूंनी किंवा अनेक ठिकाणांहून उठत असेल, जागा सापडत नसेल, ती काढण्यासारखी नसेल, किंवा शस्त्रक्रियेनंतरही फिट चालूच असतील तर. गोराईच्या मुलीचं असंच होतं. तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना उगमस्थानं निघाली. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून दाखवला आणि सांगितलं की कापून काढण्यासारखं इथे काही नाही. "त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही," आई म्हणाल्या. "मला ऑपरेशनची भीती वाटत होती, आणि ऑपरेशन होणार नाही म्हटल्यावर जास्त वाटली."

दहावी नस

कापसाची काडी कानात खोलवर घातली की काही जणांना ठसका लागतो. कानाचा आणि खोकल्याचा संबंध काय? तो व्हेगस नसेचा. मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा नसांच्या जोड्यांपैकी ही दहावी. तिची एक बारीक फांदी कानात जाते, मुख्य खोड मानेतून मोठ्या धमनीला आणि शिरेला लागून उतरतं, आणि पुढे घसा, हृदय, फुप्फुसं, जठर, आतड्यांपर्यंत पसरतं. हृदयाला सावकाश चाल म्हणून सांगणारी नस म्हणून आपण ती शाळेत शिकतो. पण तिच्यातले सुमारे 80 टक्के तंतू उलट्या दिशेने काम करतात, पोटातली आणि छातीतली खबर वर मेंदूला पोहोचवतात. या वर जाणाऱ्या वाटेनेच वीज आत पाठवायची, ही या उपचाराची मूळ कल्पना.

कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या जेम्स कॉर्निंग या डॉक्टरने 1880 च्या दशकात मानेवर दाब देऊन आणि वीज लावून फिट थांबवायचा प्रयत्न केला होता, पण परिणाम धड मिळाले नाहीत आणि ते मागे पडलं. 1938 मध्ये बेली आणि ब्रेमर यांनी मांजराच्या व्हेगसला वीज दिली, तर मेंदूच्या लहरी बदलताना दिसल्या. 1980 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जेकब झबारा यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की व्हेगसमधल्या विजेने फिट आटोक्यात येऊ शकते. माणसाच्या शरीरात पहिलं यंत्र 1988 मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात बसलं. युरोपात 1994 मध्ये आणि अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली.

शस्त्रक्रिया मेंदूची नाही, हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. कवटी उघडायची नसते. पूर्ण भूल देऊन मानेच्या डाव्या बाजूला कातडीच्या घडीत एक छेद आणि छातीत वर दुसरा. मानेत नस मोकळी करून तिच्याभोवती मऊ सर्पिल वेटोळी गुंडाळतात, तार कातडीखालून छातीपर्यंत नेतात आणि यंत्राला जोडतात. दीड-दोन तासांचं काम. डावी बाजू निवडण्याचं कारण असं की उजव्या व्हेगसचे तंतू हृदयाचा ठेका ठरवणाऱ्या केंद्राकडे जास्त जातात.

यंत्र बहुधा दोन आठवड्यांनी चालू करतात. बाह्यरुग्ण विभागात छातीवर एक चकतीसारखं उपकरण धरतात आणि बाहेरूनच आतल्या यंत्राशी बोलतात. सुरुवात 0.25 मिलिअँपिअरने. मग दर काही आठवड्यांनी तेवढंच वाढवत साधारण दीड ते सव्वादोनपर्यंत. प्रत्येक वाढीला घशात मुंग्या येतात, ठसका लागतो, आवाज घोगरा होतो, दोन-चार दिवसांत शरीर सवय करून घेतं, आणि पुन्हा वाढ. या महिन्यांत फिटमध्ये काही फरक दिसत नाही तेव्हा घरातली माणसं खचतात. यंत्र बसवणाऱ्यांनी हे आधी नीट सांगितलं नसेल तर नातेवाइकांसमोर 'एवढे पैसे घातले आणि काय झालं' हे ऐकून घेण्याची पाळी आईवर येते.

वीज वर जाऊन नेमकं काय करते, हे पूर्ण उलगडलेलं नाही. ती मेंदूच्या देठातल्या एका केंद्रात पोहोचते, तिथून नॉरअॅड्रिनॅलिन हे रसायन मेंदूभर पोहोचवणाऱ्या एका छोट्या निळसर पुंजक्याला जागं करते. 1998 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हा पुंजका निकामी केला तर व्हेगसमधल्या विजेचा फिटवर परिणाम होत नाही. परिणाम महिन्यांनी, वर्षांनी वाढत जातो, त्यावरून मेंदू हळूहळू स्वतःची घडण बदलत असावा असं मानतात.

पण आकडे सरळ सांगायला हवेत. यंत्र बसवलेल्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांच्या फिट काळाच्या ओघात निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी होतात. ज्यांच्या पूर्ण थांबतात असे शंभरात दहाहूनही कमी. काहींना काहीच उपयोग होत नाही, आणि तो कोणाला होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. गोळ्या चालूच राहतात, क्वचित एखादी कमी होते. हा बरं करण्याचा उपचार नाही. निम्म्या फिट म्हणजे काय, हे आकड्यात कळत नाही. हनुवटीला टाके न पडता गेलेलं एक वर्ष म्हणजे काय, ते त्या कालनिर्णयच्या रेघांमध्ये कळतं.

चुंबक

यंत्रासोबत एक चुंबक मिळतं. मनगटाच्या पट्ट्यात किंवा कमरेला लावता येईल असं. फिट येणार अशी चाहूल लागली, किंवा कोणी फिट पाहिली, तर ते छातीतल्या यंत्रावरून एकदोन सेकंद फिरवायचं. ठरलेल्या वेळेची वाट न बघता यंत्र जादा वीज सोडतं. काहींची फिट त्याने तुटते, काहींची लवकर आटपते, काहींना फरक पडत नाही. पण हातात काहीतरी असणं ही लहान गोष्ट नाही. इतकी वर्षं नुसतं बघत उभं राहिलेल्या वडिलांनी मला ते चुंबक खिशातून काढून दाखवलं तेव्हा त्यांचा हात त्यावरून सुटत नव्हता. काही नव्या यंत्रांत आणखी सोय आहे: फिटच्या सुरुवातीला अनेकांच्या हृदयाचे ठोके एकदम वाढतात, ते ओळखून यंत्र आपणहून वीज सोडतं.

मूठ उघडून किल्ल्या कोंबणाऱ्या शेजाऱ्यांना चुंबक पाहून आनंद होतो. लोखंडाने उतरतं हे आम्ही सांगतच होतो, असं त्यांचं म्हणणं. गोराईच्या बाई त्यांच्याशी वाद घालत नाहीत. त्यांनी शेजारणीला चुंबक कुठे, कसं फिरवायचं हे शिकवून ठेवलं आहे. त्या बाजारात गेल्या की शेजारीण लक्ष ठेवते, आणि किल्ल्या आता खुंटीवरच असतात.

घाटकोपरला भटवाडीत एक तिशीचे गृहस्थ भेटले. फिट विशीच्या आधीपासून, एका बाजूची शस्त्रक्रिया होऊनही पूर्ण न थांबलेल्या, यंत्र बसवून आता काही वर्षं झाली. ते भजनी मंडळात गातात. व्हेगसचीच एक फांदी छातीत खाली जाऊन महाधमनीला वळसा घालून वर स्वरयंत्राकडे येते, त्यामुळे यंत्र वीज सोडतं त्या अर्ध्या मिनिटात आवाज बसतो. बोलताना हे समोरच्याला कळतंही नाही. अभंग घोळवताना कळतं. त्यावर उपाय यंत्रातच आहे: चुंबक छातीवर तसंच धरून ठेवलं तर तेवढा वेळ वीज बंद राहते, काढलं की पुन्हा चालू. एकादशीच्या भजनाला ते सदऱ्याच्या आत चिकटपट्टीने चुंबक लावतात, स्वतःचा अभंग झाला की काढतात, आणि मग पखवाजाच्या मागे जाऊन टाळ धरतात. डॉक्टरांना विचारून ठरवलेली ही सोय. "विठ्ठलापुढे अर्धा तास मी बिनविजेचा," ते म्हणाले, आणि त्यांच्या पत्नीने लगेच सांगितलं की तो अर्धा तास त्या समोरच बसतात, नजर न हलवता.

त्यांच्याकडून रोजच्या जगण्यातले नियम कळले. मोठ्या लाउडस्पीकरला छाती टेकून उभं राहायचं नाही, त्यातल्या चुंबकापासून किमान वीतभर लांब. गणपतीत मंडपात हे लक्षात ठेवावं लागतं. चुंबक एटीएम कार्डाच्या खिशात ठेवायचं नाही. खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपीला गेलं तर डायथर्मीचा शेक अजिबात घ्यायचा नाही, तार तापून नसेला इजा होऊ शकते. एमआरआय काढायची वेळ आली तर यंत्राचं कार्ड आधी दाखवायचं, कारण तो ठरावीक अटी पाळून आणि यंत्र बंद करूनच काढता येतो. तपासणीसाठी ते घाटकोपरहून 2014 साली सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरीला जातात. सुरक्षा तपासणीच्या रांगेत कार्ड हातात तयार ठेवतात. पूर्वी याच प्रवासाला दादरला गाडी बदलावी लागायची, आणि दादरच्या पुलावरच्या गर्दीत त्यांना एकदा फिट आली होती. शुद्धीवर आले तेव्हा पाकीट नव्हतं आणि कोणीतरी दारुडा समजून बाजूला ओढून ठेवलं होतं.

एस्टिमेटचा कागद

यंत्राची किंमतच कित्येक लाखांत जाते. शस्त्रक्रिया, भूल, खोली हे वेगळं. बॅटरी सेटिंगप्रमाणे साधारण पाच ते दहा वर्षं टिकते आणि संपली की छातीतलं यंत्र बदलावं लागतं. तार तीच राहते, पण यंत्र नवं, पुन्हा लाखांत. सोळा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात हे किती वेळा येईल, याचा हिशेब तिच्या वडिलांनी केलेला आहे. ते बेस्टच्या डेपोत नोकरीला आहेत आणि त्यांच्या निवृत्तीचं वर्ष त्या हिशेबात मधेच येतं.

पैसा उभा राहतो तो असा. रुग्णालय लेटरहेडवर एस्टिमेट देतं. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवक ताई त्याच्या प्रती, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो अशा फाइली करायला शिकवतात. मग सिद्धिविनायक न्यासाकडे अर्ज, मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज, दोन-तीन धर्मादाय ट्रस्ट. प्रत्येक ठिकाणी थोडं मिळतं. बाकी सोनं, पतपेढी आणि मामा. गोराईच्या घरात हे जमायला चौदा महिने लागले.

विम्याचं दुखणं वेगळंच आहे. विमा नियामकाने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत, आधीपासून असलेल्या ज्या मोजक्या आजारांना कंपन्या कायमचं वगळू शकत होत्या त्यांची यादी दिली. त्यात अपस्माराचं नाव होतं. त्याच सुमारास, विम्यातून नाकारता येणार नाहीत अशा आधुनिक उपचारांचीही यादी आली, त्यात मेंदूत खोल तारा घालून वीज देण्याच्या उपचाराचं नाव होतं, व्हेगसच्या विजेचं नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही अपस्मार नावाने नाही. महिन्यातून दहा वेळा कोसळणाऱ्या माणसाला रेल्वेची सवलत नाही, नोकरीत राखीव जागा नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलायला हवं. बदल होतात याचा दाखला आहे: अपस्मार असलेल्या माणसाचं लग्नच हिंदू विवाह कायद्याने अडवता येत होतं, ते कलम संघटनांच्या पाठपुराव्याने 1999 मध्ये गेलं. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या 'संवेदना'ने आणि मुंबईत डॉ. निर्मल सूर्य यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने हा आजार चारचौघांत बोलण्याचा विषय केला. तरीही गोराईच्या बाईंनी मला निघताना विचारलं, "इमारतीचं नाव नाही ना लिहिणार? पुढेमागे तिचं लग्न आहे."

मुलुंडचा तरुण

मुलुंड पूर्वेचा चोवीस वर्षांचा एक तरुण आईला घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे आला होता, मोबाइलवर यंत्राचे व्हिडिओ बघून. चार औषधं झाली, सहा वर्षं झाली, आता मशीन बसवा, असं आईचं म्हणणं. परवानगी घेऊन मी कोपऱ्यात बसले होते.

डॉक्टर मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि पंचवीसेक मिनिटं नुसते प्रश्न विचारले. फिट कधी येते? पहाटे, उठल्यावर तासाभरात. रात्री झोप किती? ऐरोलीत कॉल सेंटरला नाइट शिफ्ट, पूल ओलांडून पहाटे घरी. अंघोळीला डोक्यावर कढत पाणी घेतल्यावर येते का? नाही. आणि मग: "सकाळी दात घासताना ब्रश हातातून उडतो का कधी? चहा सांडतो?" आई चकित झाली. हातातला कप उडतो म्हणून घरात त्याला स्टीलचा पेला देतात, पण ते डॉक्टरला सांगण्यासारखं आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. सहा वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं.

किशोरवयात सुरू होणारा, सकाळच्या झटक्यांचा हा अपस्माराचा एक ओळखीचा प्रकार आहे. झोप मोडली की तो उसळतो, योग्य औषधाला तो बहुधा चांगली दाद देतो, आणि टेग्रिटॉल किंवा एप्टॉइन दिलं तर झटके उलट वाढू शकतात. तरुणाच्या चारपैकी दोन गोळ्या नेमक्या त्याच होत्या. ईईजीने प्रकार पक्का झाला, औषध बदललं, जुन्या गोळ्या आठवड्याआठवड्याने उतरवल्या, आणि कंपनीच्या नावे दिवसपाळीसाठी पत्र दिलं. औषधांना दाद न देणारे म्हणून विशेष केंद्रांत येणाऱ्या काही जणांच्या बाबतीत असं निघतं: निदान चुकलेलं, गोळी चुकलेली, मात्रा अपुरी, डोस बुडवलेले. काहींचा तर तो अपस्मारच नसतो, मनाच्या ताणातून येणारे तसेच दिसणारे झटके असतात, आणि त्यांना गोळ्यांऐवजी मानसोपचार लागतात. म्हणून ते तारा लावलेले दिवस आणि ती प्रश्नांची पंचवीस मिनिटं यंत्राच्या आधी व्हायला हवीत, प्रत्येकाची.

हा लेख लिहीपर्यंत त्याला सहा महिने मोठी फिट आलेली नाही. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराचा प्रश्न असतो, त्यामुळे बाइकचा विषय सध्या बंद आहे, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटतं. गोळी बहुधा कित्येक वर्षं घ्यावी लागेल, हेही मॅडमनी लपवलं नाही.

शेवटच्या भेटीत आईने विचारलं, "नरक चतुर्दशीला चार वाजता उठवू का त्याला? की यंदा अभ्यंगस्नान नकोच?"

"आदल्या रात्री फराळ करत बारापर्यंत जागवणार असाल तर नको," मॅडम म्हणाल्या. "नऊला झोपवा, गोळी वेळेवर द्या, सहाला उठवा. सहाला पण उटणं लागतं."

"आणि फटाके?"

"ते कोणीच वाजवू नयेत. पण त्याची फिट त्याने येत नाही. झोपेने येते. पुढची तारीख जानेवारीत, झोपेची वही आणायची."

त्याने मोबाइलमध्ये तारीख टाकली आणि केसपेपर घेऊन औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिला.